भोवऱ्याचा हिशेब

जबलपूरजवळच्या तिलवारा येथून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र लहान आहे, पण त्यामागची काळजी लहान नाही. त्यांच्या नातीचे जावळ यंदा तिलवारा घाटावर, नर्मदेच्या काठी काढले. वस्तरा फिरून डोके स्वच्छ झाले आणि टाळूच्या मागच्या अंगाला एक सोडून दोन भोवरे दिसले. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिथेच, चारचौघांत निकाल देऊन टाकला, "मुलीच्या जातीला दोन भोवरे! पहिले घर काही टिकायचे नाही." मुलगी तेरा महिन्यांची. तिची आई मात्र त्या दिवसापासून नीट जेवलेली नाही. भगिनी विचारतात, "हा दोष डोक्यात येतो कशाने? आणि तो काढता येतो का?"

प्रश्न घरगुती आहे. त्याचे उत्तर मात्र स्फटिकांच्या शास्त्रात सापडते, हे वाचून नवल वाटेल. या शास्त्रातही 'दोष' हा शब्द रोजचाच आहे. फरक एवढाच, की तिथे दोष कुणाच्या कपाळी मारत नाहीत. तो मोजतात, आणि त्याचा हिशेब लावतात.

रांगेतली चूक दोन प्रकारची

तिलवाऱ्याहून नर्मदा पुढे भेडाघाटाच्या संगमरवरी कड्यांमधून वाहते. त्या दगडाचा ताजा तुटलेला तुकडा उन्हात धरला तर साखरेसारखे चमकणारे कण दिसतात. त्यातला प्रत्येक कण म्हणजे एक स्फटिक. मीठ, खडीसाखर, लोखंड, सोने हे सगळे आतून स्फटिकच असतात. स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तीतली मांडणी, कवायतीच्या मैदानावर शाळेतली मुले उभी करतात तशी.

पण शिस्त कितीही कडक असली तरी कुठेतरी रांग चुकते. ही चूक मुख्यतः दोन तऱ्हेची असते. पहिली तऱ्हा विणकाम करणाऱ्या भगिनींना लगेच कळेल. स्वेटर विणताना मध्येच एक टाका वाढला, की तिथून पुढे एक उभी ओळ जास्त येते. बाकी वीण ठाकठीक दिसते, फक्त एक ओळ मध्येच सुरू झालेली असते. याला आपण 'सरकदोष' म्हणू. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, दाखवून दिले की धातूची तार सहज वाकते ती याच दोषांमुळे. अणूंची अख्खी रांग एकदम ओढावी लागत नाही, दोष तेवढा एकेक घर पुढे सरकतो. हा दोष नसता तर सोनाराला तार वाकवून नथीचा फासा करणे अवघड झाले असते.

दुसऱ्या तऱ्हेसाठी कॅरमबोर्ड घ्या. मधोमध राणी ठेवली की तिच्याभोवती बरोबर सहा सोंगट्या बसतात, पाच नाही आणि सातही नाही. त्याबाहेरच्या कड्यात बारा, त्याबाहेर अठरा. हा झाला सपाट स्फटिकाचा नमुना. आता कल्पना करा, की राणीला सहाऐवजी पाचच शेजारी दिले. मग पहिल्या कड्यात एका सोंगटीची फट पडेल, दुसऱ्या कड्यात दोन सोंगट्यांची, तिसऱ्यात तीनची. म्हणजे वर्तुळाकार भाकरीतून एक पाचर कापून काढावी, तसे होईल. ही फट मिटवायची तर सगळ्या रांगा वळवून एकमेकींना भिडवाव्या लागतील. इथे रांग सरकत नाही, ती वळते. म्हणून हा 'वळणदोष'.

खऱ्या स्फटिकात थरावर थर असतात. प्रत्येक थरातली ही चुकीची जागा खालच्या थरातल्या जागेवर येते आणि सगळ्या मिळून आरपार एक रेषा तयार होते. वळणदोष हा असा रेषेचा दोष आहे. इटलीचे गणिती व्हिटो व्होल्टेरा यांनी १९०७ मध्ये त्याचे गणित मांडले. पोकळ नळकांडे एका बाजूने आतल्या पोकळीपर्यंत कापायचे आणि कापलेल्या बाजू सरकवून किंवा वळवून पुन्हा जोडायच्या. असे सहा प्रकार होतात. त्यातले तीन सरकण्याचे, तीन वळण्याचे.

यातली खरी गोम अशी, की सरकदोष पदोपदी सापडतो, पण सुटा वळणदोष घन स्फटिकात फार विरळा. कारण कॅरमवर दिसलेच. केंद्रापासून जितके दूर जावे तितकी फट रुंद होत जाते, आणि ती मिटवायला पडणारा ताण वाढतच जातो. स्फटिक मोठा असेल तर हा भार झेपत नाही. म्हणून पाच शेजाऱ्यांचा एक दोष आला, की त्याच्याजवळ सात शेजाऱ्यांचा दुसरा दोष येतो. एकाची तूट दुसऱ्याची भर. दोघे मिळून दुरून पाहिले तर फक्त एक सरकदोष उरतो. सोन्याचांदीच्या अतिसूक्ष्म कणांत मात्र सुटा वळणदोष राहू शकतो. तिथे चार पृष्ठांचे पाच स्फटिक एका आसाभोवती पाकळ्यांसारखे बसतात. वर्तुळ पुरे व्हायला सात अंशांहून थोडी जास्त फट उरते, ती कण स्वतःच ताणून मिटवतो. कण इवलासा, फट बारीक, म्हणून निभावते.

बोर्डच सपाट नसेल, तर मात्र हाच दोष गरजेचा ठरतो. आपल्या ओळखीचा काळा-पांढरा फुटबॉल आठवा. त्याच्यावर सहा बाजूंचे वीस तुकडे आणि पाच बाजूंचे बारा तुकडे असतात. नुसते सहा बाजूंचे तुकडे शिवत गेले तर चादर तयार होईल, चेंडू कधीच होणार नाही. ते बारा पाचकोनी तुकडे म्हणजे बारा वळणदोष. त्यांच्याशिवाय गोल आकार मिटत नाही.

जमा दोन, खर्च एक

आता डोक्याकडे वळू. डोकेही गोलच आहे.

केस त्वचेतून सरळ वर येत नाहीत, ते एका बाजूला कललेले असतात. हा कल आईच्या पोटातच, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या सुमारास ठरतो. मुलाच्या डोक्याच्या कडेने बोट फिरवून पाहा. कपाळाशी केस पुढे झुकलेले, उजव्या कानाशी उजवीकडे, मानेशी मागे, डाव्या कानाशी डावीकडे, आणि पुन्हा कपाळाशी पुढे. म्हणजे कडेने एक फेरी मारली तर केसांच्या दिशेनेही बरोबर एक फेरी घेतली. आता ही फेरी आत आत आणत जा. मोठ्या वर्तुळाऐवजी लहान वर्तुळ, त्याहून लहान, त्याहून लहान. केसांची दिशा जागोजाग हळूहळूच बदलते, त्यामुळे एकाची पाव फेरी किंवा अर्धी फेरी मध्येच होऊ शकत नाही. ती एकच राहते. शेवटी वर्तुळ टिंबाएवढे झाले तरी ती एक फेरी शिल्लक असते. ते टिंब म्हणजे भोवरा.

म्हणजे भोवरा असणे हा अपवाद नाही. केस चहूबाजूंनी बाहेर झुकलेल्या डोक्यावर भोवरा नसणे अशक्य आहे. गोल वस्तूवर केस कुठेही भोवरा न ठेवता विंचरता येत नाहीत, हे फ्रान्सच्या पॉइंकारे आणि हॉलंडच्या ब्रौवर या गणितज्ञांनी फार पूर्वीच सिद्ध केले आहे.

मग दोन भोवरे असले तर? हिशेब तर एकाचाच आहे. म्हणून दोन भोवरे असलेल्या डोक्यावर त्या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा असतेच. तिथे दोन्हीकडून आलेले केस समोरासमोर येतात आणि दोन बाजूंना फुटून जातात, चौकात दोन मोर्चे समोरासमोर येऊन दोन गल्ल्यांत वळावेत तसे. त्या जागेभोवती बोट फिरवले तर केसांची दिशा उलटी फिरते. ही वजा एक. जमा दोन, खर्च एक, शिल्लक एक. तीन भोवरे असले तर अशा उलट जागा दोन. कुणाच्याही डोक्याचा ताळेबंद याहून वेगळा निघत नाही. एक भोवरा असलेल्या मुलीची आणि दोन भोवरे असलेल्या मुलीची शिल्लक अगदी सारखी.

तेव्हा तिलवाऱ्याच्या भगिनींना उत्तर असे. हा दोष नव्हे, हा आकाराचा नियम आहे. बहुतेकांना एक भोवरा असतो, थोड्या जणांना दोन असतात, आणि त्यात आनुवंशिकतेचाही काही वाटा असतो. माहेर-सासरच्या चार डोक्यांवर नीट पाहिले तर कदाचित आणखी एखादी जोडी सापडेलही. भोवरा काढता येत नाही, आणि काढण्याचे कारणही नाही. मूल हसते-खेळते आहे, वजन-उंची वाढते आहे, तर भोवऱ्यांसाठी डॉक्टरांकडे जाण्याची गरज नाही. मोठेपणी वेणी घालताना त्या उलट जागेचे केस जरा उभे राहतील, एवढाच त्रास. लग्न टिकणे न टिकणे हे दोन माणसांच्या वागण्यावर ठरते. केसांच्या मुळांना त्यातले काही कळत नाही. आणि खरे सांगायचे तर तेरा महिन्यांच्या मुलीविषयी चारचौघांत असे बोलणे, याचीच काळजी घरातल्यांनी करायला हवी. भोवरा केसांखाली झाकला जाईल, बोल मात्र आईच्या मनात राहतो.

हा समज माणसांपुरता थांबत नाही. गुरांच्या बाजारात भोवरा आणि गोम पाहून बैलाची किंमत ठरवणारे लोक आहेत. अंगावर अमक्या जागी केसांची गोम आहे म्हणून चांगला कामाचा बैल कमी भावाने विकावा लागतो, आणि नुकसान गरीब शेतकऱ्याचे होते. बैलाच्या अंगावर केसांचा कल वेगवेगळ्या दिशांनी येतो, त्यामुळे कुठेतरी त्यांची गाठ पडणारच. बैल पाहायचा तर त्याचे दात पाहावेत, खूर पाहावेत, चाल पाहावी.

नागपूरचा विद्यार्थी

वळणदोष जिथे सुखाने नांदतो असा एक पदार्थ आपल्या घरात आहे. हातातल्या आकड्यांच्या घड्याळात, हिशेबाच्या कॅल्क्युलेटरमध्ये तो असतो. त्याला द्रवस्फटिक म्हणतात. तो वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे लांबट रेणू एका दिशेने तोंड करून राहतात, नदीत लाकडाचे ओंडके वाहताना दिसतात तसे. या पदार्थात रांगा ताठ नसतात, त्यामुळे वळणदोषाचा भार सोसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बारीक तरंगत्या दोऱ्यांसारखा दिसतो. १९२२ साली फ्रान्सचे जॉर्ज फ्रिडेल यांनी या पदार्थाचे 'नेमॅटिक' असे नाव ठेवले ते दोऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच. पुढे १९५८ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स फ्रँक यांनी या दोषाला जे नाव दिले, त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ 'नाखुषी' असा होतो. नंतर त्याचेच आखूड रूप 'डिस्क्लिनेशन' रूढ झाले.

या क्षेत्रात भारताचे नाव जगभर नेणारे एस. चंद्रशेखर (१९३०-२००४) हे नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. १९५१ साली त्यांनी तिथून पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. पदवी घेतली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यात होते. नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर ते वेगळे. दोघेही सर सी. व्ही. रामन यांच्या नात्यातले, आणि हे त्यांच्या बहिणीचे चिरंजीव. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी एक नवाच द्रवस्फटिक शोधला. त्याचे रेणू लांबट नव्हते, चकतीसारखे होते, आणि ते भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचले जात होते. तोवर द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखेच असायला हवेत असे मानले जाई. पुढे अशाच चकतीच्या रेणूंचे पातळ पापुद्रे सपाट पडद्यांवर बसवले जाऊ लागले आणि चित्र बाजूने पाहिले तरी नीट दिसू लागले.

शंख, चक्र आणि तिठा

आता स्वतःच्या बोटांकडे पाहा. केसाला मूळ असते आणि टोक असते. बोटावरच्या रेघेला पुढे-मागे असे काही नसते, द्रवस्फटिकातल्या रेणूसारखेच. म्हणून इथे पूर्ण फेरीची गरज नाही, अर्ध्या फेरीचा दोषही चालतो.

आजीबाई ज्याला शंख म्हणतात, त्यात रेघा एका बाजूने येऊन वळतात आणि त्याच बाजूने परत जातात. त्या वळणाच्या टोकाशी अधिक अर्धा असा दोष आहे. त्याच्या जरा बाजूला, थोडे खाली पाहिले तर तीन बाजूंनी आलेल्या रेघा एकत्र येऊन तिठा झालेला दिसेल. तो वजा अर्धा. शंखाला एक वळण, एक तिठा. चक्राला दोन वळणे, दोन तिठे. साध्या कमानीला दोन्ही नाहीत. म्हणजे प्रत्येक बोटाची शिल्लक शून्य, राजाची असो की हमालाची. इंग्लंडचे आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी संपूर्ण पंजाचा असा हिशेब मांडला. एका चक्राची दोन वळणे धरायची. मग पाच बोटे आणि तळहात मिळून तिठ्यांची संख्या वळणांपेक्षा नेहमी चारने जास्त भरते. सहावे बोट असेल तर पाचने. हे असेच का असले पाहिजे, याची गणिती मांडणी १९७९ मध्ये त्यांच्या मुलाने केली. हा मुलगा म्हणजे २०२० चे नोबेल मिळवणारे रॉजर पेनरोज. सुट्टीच्या दिवशी मुलांना भिंग, शाईचा पॅड आणि कोरा कागद द्या, हा हिशेब ती घरी पडताळून पाहतील.

रेघा येतात कशा, हे २०२३ मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी उलगडून दाखवले. गर्भाच्या बोटावर रेघांच्या लाटा तीन ठिकाणांहून निघतात. एक बोटाच्या पेराच्या उशीवरून, एक नखाच्या टोकाखालून आणि एक सांध्याच्या घडीपासून. या लाटा कधी आणि कशा एकमेकींना भेटतात, त्यावर शंख, चक्र की कमान हे ठरते. भाग्याचा त्यात संबंध नाही.

चक्रे मोजण्याचा खरा उपयोग केला तो कलकत्त्यातल्या दोन पोलीस अधिकाऱ्यांनी. १८९७ मध्ये तिथे ठशांच्या जोरावर गुन्हेगार ओळखायची पद्धत सुरू झाली. नाव झाले त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे, पण वर्गवारीचे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. दहा बोटांपैकी कोणत्या बोटावर चक्र आहे आणि कोणत्यावर नाही, एवढेच पाहायचे. त्यावरून १०२४ कप्पे होतात. लाखो कागदांतून हवा तो कागद काढायला तेवढे पुरेसे होते. आजीबाई जे मोजत होत्या तेच हे मोजत होते, फक्त भविष्य न सांगता.

ठसा जुळत नाही तेव्हा

आज हीच बोटे रेशनच्या दुकानात यंत्रावर टेकवावी लागतात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. यंत्र ठसा जुळवते तो मुख्यतः बारीक खुणांवरून, म्हणजे रेघ कुठे संपते आणि कुठे फुटून दोन होतात यावरून. हे झाले बोटावरचे सरकदोष. भांडी घासून, विटा वाहून, शेतात राबून रेघा झिजतात आणि या बारीक खुणा आधी पुसट होतात. मोठे वळण आणि तिठा सहसा ओळखू येतात, कारण आजूबाजूच्या रेघांचा रोख ती जागा सांगत राहतो. पण तेवढ्यावर यंत्राचे समाधान होत नाही. मग म्हातारी माणसे दिवसभर रांगेत उभी राहून रिकाम्या पिशवीने परत येतात.

अशा वेळी काही साधे उपाय करून पाहावेत. बोटे कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित तेलाचा हात लावून पुन्हा कोरडी करावीत. अंगठ्यावर अडून न राहता दुसरी बोटे लावून पाहावीत. काही दिवस हाताला विश्रांती मिळाली तर रेघा पुन्हा उमटतात, कारण त्यांचा साचा त्वचेच्या आतल्या थरात असतो. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदवता येतात. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवण्याची सोय असेल तर ती मागावी. आणि ठसा जुळला नाही एवढ्याच कारणावरून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच सर्व राज्यांना कळवले आहे. हे दुकानदाराला शांतपणे, पण ठामपणे सांगावे, आणि तरीही नकार मिळाला तर तहसील कार्यालयात पुरवठा विभागाकडे लेखी तक्रार द्यावी.

आयुष्यभर कष्ट केलेल्या बोटावरची रेघ झिजली असेल, तर तो त्या बोटाचा दोष नाही. ओळख पटवण्याचा दुसरा रस्ता उघडा ठेवणे हे यंत्र ठेवणाऱ्यांचे काम आहे.